राउटरमधल्या रिकाम्या खाचा : घेण्यापूर्वी काय पाहावे

कोल्हापुरातील बऱ्याच कारखानदारांचा धंदा एका गाळ्यात मावत नाही. ऑफिस कसबा बावड्यात, वर्कशॉप शिवाजी उद्यमनगरात आणि फौंड्री शिरोलीच्या एमआयडीसीत, अशी मांडणी सर्रास असते. हिशेब, स्टॉक आणि बिले तिन्ही ठिकाणी एकसारखी दिसायची तर या जागा एकमेकींशी जोडाव्या लागतात. या जोडणीच्या तोंडाशी जी पेटी बसते ती राउटर. कोणता डेटा कोणत्या लाईनीवर पाठवायचा हे ती ठरवते.

घरातल्या वायफायच्या डब्याला जितकी तोंडे कंपनीने दिली तितकीच कायम राहतात. मोठ्या कामाच्या राउटरची रचना वेगळी असते. त्याच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या झाकणाखाली रिकाम्या खाचा, म्हणजे स्लॉट असतात. ज्या जातीची लाईन आपल्याकडे येते त्या जातीचे कार्ड तिथे बसवायचे. आपल्या लेथवाल्या बांधवांना हे चटकन पटेल. लेथ तोच राहतो, कामाप्रमाणे कधी तीन जबड्यांचा चक लावायचा, कधी चार जबड्यांचा. मात्र चकाचा आटा स्पिंडलशी जुळला नाही तर चक कितीही चांगला असो, उपयोगाचा नाही. राउटर घेताना गिऱ्हाईक फसते ते नेमके याच ठिकाणी.

सिस्को कंपनीचीच उदाहरणे घेऊ, कारण जुन्या बाजारात तिचा माल जास्त दिसतो. १९९८ साली आलेल्या २६०० मालिकेत लहान कार्डांसाठी दोन खाचा होत्या आणि मोठ्या मॉड्यूलसाठी एक. लहान कार्डाला ‘विक’ म्हणत. लीज्ड लाईनच्या मोडेमची केबल त्यातच लागे. मोठ्या खाचेत असेही मॉड्यूल बसे की ज्याच्या पोटात पुन्हा दोन विक कार्डे मावत. २००४ साली २८०० मालिका आली. तिच्यातील २८११ ला लहान कार्डांच्या चार खाचा होत्या आणि कार्डाचे नाव झाले ‘एचविक’. बरीचशी जुनी विक कार्डे या नव्या खाचेतही चालत. २००९ च्या २९०० मालिकेतही पुष्कळ जुनी कार्डे उपयोगी पडली. मग ४००० मालिका आली आणि आटाच बदलला. तिची कार्डे ‘निम’ जातीची. जुने एचविक तिच्यात बसत नाही, निम जुन्या पेटीत बसत नाही. ‘सिस्कोचे कार्ड आहे, सिस्कोच्या पेटीत बसणारच’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून मालिका आणि कार्डाचा पूर्ण नंबर लिहून घ्यावा.

खाच रिकामी आहे म्हणून पेटीला दम आहे असेही समजू नये. कार्ड गिगाबिटचे मिळेल, पण डेटाची पाकिटे उचलण्याचे काम शेवटी आतल्या प्रोसेसरचे. २८११ ची ताकद सेकंदाला सुमारे १ लाख २० हजार पाकिटांची. पाकिटे अगदी लहान, ६४ बाइटची असली तर याचा हिशेब होतो जेमतेम ६१ मेगाबिट. त्यावर आणखी कामे लादली की वेग उतरतो. १०० मेगाबिटची फायबर लाईन घ्यायची आणि तिच्या तोंडाशी असली जुनी पेटी ठेवायची, हा पैसे भरून वेग अडवण्याचाच प्रकार. शिवाय २८०० मालिकेला कंपनीचा आधार ऑक्टोबर २०१६ मध्ये संपला आणि २९०० चा डिसेंबर २०२२ मध्ये. त्यानंतर या पेट्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. शिकाऊ मुलाला हात बसवायला त्या उत्तम, पण बँकेचा व्यवहार त्यांच्यावर ठेवू नये.

मग खाचांचा राउटर घ्यावा कोणी? पाच-दहा संगणकांच्या दुकानाला त्याची गरज नाही. फायबरची लाईन साध्या इथरनेट तोंडावर येते, तिथे साधा राउटर पुरतो. ज्याचा माल आणि पगार जोडणीवर अवलंबून आहे, त्याला मात्र दुसरी खाच महत्त्वाची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले, बावडा–शिये रस्ताही बुडाला. अशा वेळी केबल तुटली तर ती सांधायला माणूस पोहोचणार कसा? एका बाजूने फायबर आणि दुसऱ्या खाचेत मोबाईल सिमचे फोर-जी कार्ड असेल, तर एक बंद पडताच राउटर आपोआप दुसरीकडे वळतो. पण तशी मांडणी आधी करून ठेवावी लागते. शिवाय टॉवरची वीज गेली तर तेही बंद पडते हे ध्यानात ठेवावे. दोन फायबर घेतल्या आणि दोन्ही एकाच पुलावरून आल्या, तर दुसरीचे भाडे फुकट गेले.

जुन्या मालात नकलीही पुष्कळ. अमेरिकेत २००८ साली सरकारने सिस्कोच्या नकली मालाच्या ४०० हून अधिक जप्त्या जाहीर केल्या होत्या. त्या मालाची किंमत ७ कोटी ६० लाख डॉलर धरली गेली. लहान कार्डाची नक्कल करणे सोपे असते. म्हणून पैसे देण्यापूर्वी राउटर चालू करून ‘शो इन्व्हेंटरी’ हा आदेश द्यायला लावावा. पडद्यावर कार्डाचे नाव आणि सिरियल नंबर येतो, तो कार्डावरच्या चिठ्ठीशी ताडून पाहावा. नंबर जुळला म्हणजे माल अस्सल ठरला असे नाही, पण जुळला नाही तर तिथूनच उठावे.

कार्ड बसवताना लहान पेट्यांची वीज आधी बंद करावी. ४००० मालिकेत चालू पेटीत कार्ड बदलण्याची सोय आहे, २८११ मध्ये नाही. हातातली स्थिर वीज कार्ड मारते, म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधावा. उरलेल्या खाचांवरची पत्र्याची झाकणे फेकू नयेत. ती नसली की पंख्याची हवा भलतीकडून फिरते आणि फौंड्रीतली काळी धूळ थेट आत जाते. ती धूळ वीजवाहक असू शकते. राउटर भट्टीच्या शेडमध्ये न ठेवता ऑफिसच्या बंद कपाटात, जमिनीपासून उंचावर बसवावा आणि कपाटाला जाळी व पंखा लावावा.