वल्हं थांबवण्याचं धाडस

10 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसजवळच्या व्हेर-सूर-मार्न इथं न्यूझीलंडच्या लिसा कॅरिंग्टननं कयाकची एकेरी 500 मीटर शर्यत जिंकली. तीन दिवसांतलं तिचं हे तिसरं सुवर्णपदक होतं. आठ तारखेला चौघींच्या बोटीत, नऊ तारखेला दोघींच्या, आणि दहाला एकटीनं. लंडनपासून मोजलं तर ऑलिंपिकमधलं आठवं; शिवाय रिओतलं एक कांस्य. अशा खेळाडूविषयी लिहायला बसलं की आपल्याकडे लेखणी आपोआप घामाकडे वळते. ती किती पहाटे उठत होती, किती किलोमीटर वल्हवत होती, किती वर्षं सुट्टी घेतली नाही, वगैरे. तालमीतल्या मेहनतीला आपण जवळजवळ धार्मिक मान देतो, त्यामुळे हे साहजिकही आहे. पण अंतिम शर्यतीत उतरलेली प्रत्येकजण घाम गाळूनच तिथवर आलेली असते. मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर प्रशिक्षकाचा कस लागतो तो काय सोडायचं आणि कधी सोडायचं, हे ठरवण्यात. या लेखात मला एवढंच दाखवायचं आहे.

आधी खेळाविषयी थोडं, कारण मराठी वाचकाच्या मनात इथं एक गल्लत असते. रिओत चांदवडच्या दत्तू भोकनळमुळे घराघरांत पोचलं ते रोइंग. त्यात वल्ही बोटीला अडकवलेली असतात आणि खेळाडूची पाठ अंतिम रेषेकडे असते. कयाकमध्ये वल्हं एकच, दोन्ही टोकांना पातं असलेलं, बोटीला कुठंही न जोडलेलं, आणि तोंड पुढे. एकेरी स्पर्धेची कयाक जास्तीत जास्त 5.20 मीटर लांब आणि कमीत कमी 12 किलो वजनाची. तिच्यात नुसतं स्थिर बसणं हीसुद्धा शिकून घ्यायची गोष्ट आहे. लांबून सगळं काम दंडांचं वाटतं. प्रत्यक्षात जोर पायांतून निघतो, कमरेच्या वळणातून वर चढतो आणि हात तो फक्त पाण्यापर्यंत पोचवतात. जागतिक दर्जाची महिला खेळाडू 500 मीटर पावणेदोन मिनिटांच्या आसपास पार करते. हा काळ मोठा अडचणीचा आहे. निव्वळ स्फोटक ताकदीवर तो निभत नाही, कारण निम्म्याहून अधिक ऊर्जा श्वासातल्या प्राणवायूच्या भरवशावर तयार होते. आणि नुसत्या दमावरही निभत नाही, कारण सुरुवातीला मागं पडलेली बोट सहसा मागंच राहते. दम आणि ताकद दोन्ही एकाच वेळी टोकाला न्यायचे, तर एकाचा सराव दुसऱ्याला मारतो.

या पेचावर एक जुनं उत्तर सोव्हिएत संघाच्या कनू-कयाक चमूचे वैज्ञानिक सल्लागार राहिलेल्या व्लादिमीर इसुरिन यांनी मांडलं. सगळं एकदम थोडंथोडं करण्याऐवजी काही आठवडे एकाच गुणावर भर द्यायचा, बाकीचे तेवढ्यापुरते बाजूला ठेवायचे, मग पुढच्याकडे वळायचं. स्पेनच्या अव्वल कयाकपटूंवर 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या पद्धतीची पारंपरिक पद्धतीशी तुलना झाली. पारंपरिक आखणी 22 आठवड्यांची, एकेका गुणावर भर देणारी 12 आठवड्यांची. दमातली वाढ जवळपास सारखीच, आणि वल्हवण्याचा वेग व ताकद यांत छोट्या आखणीचं पारडं जड. खेळाडू अवघे दहा, आणि तेच दहाजण आधी एका पद्धतीनं, नंतर दुसऱ्या पद्धतीनं सराव केलेले. तेव्हा यावरून सिद्धान्त उभारू नये, हे मला मान्य आहे. पण इतका सराव कमी करूनही नुकसान झालं नाही, ही गोष्ट ‘जितका जास्त तितका चांगला’ या समजुतीला धक्का द्यायला पुरेशी आहे.

स्पर्धेआधीच्या पंधरवड्याबाबत पुरावा यापेक्षा भक्कम आहे. 2007 मध्ये वेगवेगळ्या खेळांतले 27 अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा: सुमारे दोन आठवडे सरावाचं प्रमाण 41 ते 60 टक्क्यांनी कमी करावं, मात्र सरावाची तीव्रता आणि आठवड्यातले दिवस कमी करू नयेत. यालाच प्रशिक्षक टेपर म्हणतात. त्यामागचं गणित सोपं आहे. थकवा लवकर उतरतो, कमावलेली क्षमता सावकाश उतरते. या दोहोंच्या मधल्या फटीत खेळाडू सर्वांत वेगवान असतो. फायदा दोन-तीन टक्क्यांचाच. पण पावणेदोन मिनिटांच्या शर्यतीत दोन टक्के म्हणजे दोन सेकंद, आणि पदकं त्याहून कितीतरी कमी फरकानं हातची जातात. कागदावर हे इतकं सरळ असताना प्रत्यक्षात अवघड का जातं? कारण सराव कमी झाला की खेळाडू अस्वस्थ होतो. अंग जड वाटतं, बोट ‘पळत नाही’ असं वाटतं, शेजारच्या धक्क्यावरचे प्रतिस्पर्धी अजून घाम गाळताना दिसतात. अशा वेळी आणखी चार फेऱ्या मारून घेण्याचा मोह खेळाडूइतकाच प्रशिक्षकालाही होतो, आणि काही बिनसलं तर ‘सराव कमी पडला’ हा ठपका त्याच्याच माथी येणार असतो. मेहनत करून हरलेल्याला लोक माफ करतात, विश्रांती घेऊन हरलेल्याला नाही.

कॅरिंग्टनचे प्रशिक्षक गॉर्डन वॉकर हे स्वतः दमाच्या खेळातून आलेले. न्यूझीलंडचं दक्षिण बेट एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत धावत, सायकलवरून आणि कयाकमधून ओलांडायची ‘कोस्ट टू कोस्ट’ शर्यत त्यांनी जिंकलेली आहे. हातात आलेली खेळाडू मात्र 200 मीटरची राणी, म्हणजे शर्यत पाऊण मिनिटाची. लंडन आणि रिओ, दोन्हीकडे तिनं हेच अंतर जिंकलं. रिओत 500 मीटरमध्ये तिला कांस्य मिळालं. टोकियोत मात्र दोन्ही अंतरांचं सुवर्ण तिचं झालं. पुढे पॅरिसच्या कार्यक्रमातून 200 मीटर कयाक वगळलं गेलं, तोवर तिची 500 मीटरची घडी बसलेली होती. जे हमखास जिंकून देतं त्यावरचा भर कमी करायचा, हा निर्णय सरावाच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा जड असतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की ही एका असामान्य मुलीची गोष्ट आहे. तिला कोणीही शिकवलं असतं तरी ती जिंकलीच असती. याला उत्तर चौघींची बोट देते. टोकियोत कॅरिंग्टन असूनही न्यूझीलंडची ती बोट चौथी आली होती. पॅरिसमध्ये अलिशिया हॉस्किन, ऑलिव्हिया ब्रेट आणि टारा वॉन या तिघींसह ती पहिली आली, आणि त्याआधी 2023 च्या जागतिक स्पर्धेतही याच चौघी जिंकल्या होत्या. चार वल्ही एकाच क्षणी पाण्यात शिरली नाहीत तर एकटीची ताकद वाया जाते, म्हणजे इथं काही बांधून काढावं लागलंच. तरी एक गोष्ट नजरेआड करू नये. टोकियोत कॅरिंग्टननं 3 ऑगस्टला तासाभराच्या अंतरानं दोन सुवर्णपदकं घेतली, 5 ला तिसरं, आणि चौघींची अंतिम शर्यत 7 ला, सर्वांत शेवटी होती. पॅरिसमध्ये तीच शर्यत सर्वांत आधी झाली. वेळापत्रकाच्या या उलटापालटीचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही. पण ज्या प्रशिक्षकाला एका खेळाडूची ताकद तीन बोटींत वाटायची आहे, त्याच्यासाठी वेळापत्रक हाही सरावाचाच भाग ठरतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. एमी फिशर ही न्यूझीलंडचीच कयाकपटू टोकियोपूर्वी राष्ट्रीय संघटनेच्या वातावरणाबद्दल नाराजी व्यक्त करून त्या व्यवस्थेबाहेर पडली, आणि त्याच 2021 साली, टोकियोनंतर काही आठवड्यांत झालेल्या जागतिक स्पर्धेत 500 मीटरची विजेती झाली. म्हणजे व्यवस्थेशिवायही जमतं तर! पॅरिसमध्ये ती पुन्हा देशासाठी उतरली आणि चौथी आली. मला वाटतं, हा पुरावा माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही, त्याला धार आणतो. सोडायच्या गोष्टींत फक्त किलोमीटर नसतात. कधी प्रशिक्षकाला स्वतःची हुकमतही सोडावी लागते. अंतिम रेषेपर्यंतच्या त्या पावणेदोन मिनिटांत बोटीत प्रशिक्षक नसतोच. तिथं निर्णय घेण्याची सवय खेळाडूला आधी लागलेली नसेल, तर टेपर कितीही अचूक असला तरी त्याचा उपयोग मर्यादित.

आशियाई स्पर्धांत भारताची कनू-कयाकमधली पदकं बोटांवर मोजण्याइतकी. 2023 मध्ये हांगझो आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी कयाकच्या जोडीच्या कनू प्रकारातल्या दुहेरी 1000 मीटर शर्यतीत कांस्य मिळवलं. या खेळातलं आशियाई स्पर्धेतलं त्याआधीचं भारतीय पदक 1994 चं, हिरोशिमाचं. आता मेख अशी, की पुरुषांची दुहेरी कनू ऑलिंपिकमध्ये टोकियोपर्यंत 1000 मीटरची होती, पॅरिसपासून ती 500 ची झाली. अंतर निम्मं झालं, म्हणजे दम आणि ताकद यांचं गणित पुन्हा पहिल्यापासून मांडायचं. एकोणतीस वर्षांनी हाती आलेल्या 1000 मीटरच्या पदकाचा मोह बाजूला ठेवायचा की नाही, हे आता त्या जोडीच्या प्रशिक्षकाला ठरवायचं आहे.