खिडकी घेताना आधी ऊन पाहा

घर बांधायला काढलं की ओटा कुठे, देवघर कुठे, टाइल्स कोणत्या, हे बायकांना आवर्जून विचारलं जातं. खिडक्यांचं मात्र ठेकेदार आणि घरची पुरुषमंडळी परस्पर ठरवून मोकळी होतात. पण भर दुपारी घरात कोण असतं? मे महिन्यात संध्याकाळी पोळ्या कोण लाटतं? म्हणून मैत्रिणींनो, आज खिडकीबद्दलच बोलू या.

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, कुठल्याही नव्या ले-आऊटमध्ये जा, पांढऱ्याशुभ्र यूपीव्हीसीच्या खिडक्या दिसतात. आपल्या पाण्याच्या कडक पाइपाच्याच जातीचं हे प्लास्टिक. चौकटीच्या आत पोकळ कप्पे असतात आणि बळकटीसाठी लोखंडी पट्टी. वाळवी लागत नाही, पावसाळ्यात फुगत नाही, रंग द्यावा लागत नाही. अॅल्युमिनियममधून उष्णता यूपीव्हीसीच्या सुमारे हजारपट सहज वाहते. त्यामुळे ‘ही खिडकी लावा, घर थंड राहील, वीज वाचेल’ असं दुकानदार सांगतो. ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे.

कारण खिडकीचा बहुतेक भाग चौकट नसून काच असते. आत हवेची पोकळी ठेवलेली दुहेरी काच घेतली तर बाहेरच्या तापलेल्या हवेतून आत येणारी उष्णता एकेरी काचेच्या साधारण निम्मी होते. मात्र थेट ऊन पडलं तर साध्या पारदर्शक दुहेरी काचेतूनही त्यातली निम्म्याहून बरीच जास्त उष्णता आत येते. चौकट कितीही भारी घ्या, काचेवर ऊन पडू दिलं तर खोली तापणारच.

नवतपा लागतो तेव्हा, म्हणजे २५ मेच्या आसपास, आपल्याकडे सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला लहानसा छज्जाही पुरतो आणि थंडीत तिथूनच कोवळं ऊन घरात येतं. खरी त्रासदायक ती पश्चिमेची खिडकी. चारनंतरचं तिरपं ऊन छज्जाखालून थेट आत शिरतं. तिथे बाहेरून चिक, जाळी, वेल किंवा झाड हवं. आतला पडदा ऊन अडवतो, पण तोवर उष्णता काचेच्या आत आलेली असते.

सेवाग्रामची बापूकुटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले तेव्हा ते गाव शेगाव होतं. मातीच्या भिंती, खाली उतरलेलं कौलारू छप्पर आणि ओसरी. ऊन भिंतीपर्यंत पोहोचायच्या आधीच सावलीत अडतं. आपण मातीचं घर बांधणार नाही, पण सावलीचा हा हिशोब स्लॅबच्या घरालाही लागू पडतो.

आता आपल्या विदर्भाची खास गोष्ट, कुलर! घट्ट बसणारी, रबरी पट्टीची खिडकी एसीच्या खोलीत पैसे वसूल करते, कारण गार हवा फटीतून जात नाही. कुलरचं उलट आहे. तो बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो, आणि ती हवा समोरून बाहेर पडलीच पाहिजे. समोरची खिडकी घट्ट बंद असेल तर तासाभरात खोलीत दमट, चिकचिक होतं. म्हणून आधी ठरवा, एसी कुठल्या खोलीत आणि कुलर कुठे. दुहेरी काचेचा खर्च एसीच्या खोलीतच करा. कुलरसाठी भिंतीत वेगळी, झडपेची जागा बांधतानाच ठेवा. सरकत्या खिडकीत कुलर बसवला की उरलेल्या फटीला पुठ्ठे लावत बसावं लागतं.

सरकत्या खिडकीबद्दल आणखी एक. दोन तावदानांची खिडकी एका वेळी निम्मीच उघडते. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. नागपूर ज्या हवामान गटात येतं, त्या गटात प्रत्यक्ष उघडणारा भाग जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान १२.५ टक्के असावा असं त्यात आहे. तो हिशोब पूर्ण घराचा असला, तरी खोलीपुरता करून पाहायला हरकत नाही. १० बाय १२ च्या खोलीला १५ चौरस फूट येतात. चार बाय चारची सरकती खिडकी उघडते फक्त आठ!

माझ्या नणंदेच्या घरी सगळीकडे सरकत्या खिडक्याच ठरल्या होत्या. हॉलला मोठ्ठी काच, आणि पश्चिमेच्या स्वयंपाकघराला सगळ्यात लहान खिडकी. ती म्हणाली, ‘‘वहिनी, हॉलमध्ये पाहुणे तासभर बसतात, मी ओट्यापाशी दिवसाचे पाच तास उभी असते.’’ शेवटी हॉलची काच लहान झाली आणि त्या पैशात ओट्यासमोर पूर्ण उघडणारी दोन पल्ल्यांची खिडकी आली, बाहेरून लाकडी चिकेसह. भांडण झालं थोडं, पण झालं ते बरं झालं.

ऑर्डर देण्याआधी एवढं विचारा: आतली लोखंडी पट्टी जस्ताचा मुलामा दिलेली आहे का? माल उन्हाला टिकणारा असल्याची लेखी हमी आहे का? हलका माल काही वर्षांत पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. खालच्या पट्टीला पाणी जायला भोकं आहेत का? मच्छरजाळी धुवायला निघते का? गडद रंग टाळा, तो जास्त तापतो. आणि गॅस हवेपेक्षा जड असतो, तेव्हा स्वयंपाकघरात खिडकीखेरीज जमिनीलगत एक जाळी हवीच.

भिंती उभ्या राहिल्यावर खिडकी हलवणं महागात पडतं. नकाशा कागदावर आहे तोवरच पेन्सिल घ्या, पश्चिम कुठे ते लिहा आणि तुम्ही दिवसभर कुठे उभ्या असता तिथे एक फुली मारा. पहिली चांगली खिडकी त्या फुलीसमोर मागा.