सत्तर टनांचा हिशेब

महाडच्या औद्योगिक वसाहतीतले रसायनांचे टँकर मुंबई-गोवा महामार्गावर रात्रंदिवस धावत असतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच महामार्गावरचा सावित्रीचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या आणि माणसंही गेली. जून २०१७ मध्ये शेजारी नवा पूल वाहतुकीला खुला झाला. त्यावरून रणगाडा जाताना महाडकरांपैकी कुणी पाहिला असेल असं वाटत नाही. कागदावर मात्र तो गेलेला आहे.

भारतातल्या राष्ट्रीय महामार्गांवरचे पूल इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांनुसार आखले जातात. या नियमांत ‘७० आर’ नावाचं एक काल्पनिक वाहन आहे. त्याचं एक रूप थेट लष्करी आहे: लोखंडी पट्ट्यांवर चालणारं, ७० टनांचं. प्रत्येक पट्टा जमिनीला ४.५७ मीटर लांबीत टेकतो आणि ८४ सेंटिमीटर रुंद असतो. दोन वाहनांमध्ये किमान ९० मीटर अंतर धरायचं, हेही ठरलेलं. पुलाचा अभियंता ही आकृती गाळ्यावर पुढे-मागे सरकवतो आणि ती कुठे उभी राहिली तर तुळईला सर्वांत जास्त ताण बसेल ते शोधतो. आपण ज्यावरून गणपतीला गावी जातो, त्या पुलात लोखंड किती घालायचं हे ठरवणाऱ्यांमध्ये हा न दिसणारा रणगाडा आहे.

आता एक छोटा गुणाकार करू. दोन्ही पट्ट्यांचं टेकलेलं क्षेत्रफळ साधारण ७.७ चौरस मीटर. त्यावर ७० टन. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलोच्या आसपास! तुमच्या मोटारीच्या टायरमधली हवा दोन किलोच्या वर असते आणि लादलेल्या टँकरच्या टायरमधली सात-आठ किलो. टायर जमिनीला दाबतो तो साधारण तेवढ्याच जोरानं. थोडक्यात, रस्त्याच्या एका चौरस सेंटिमीटरला विचारलं तर तो म्हणेल, रणगाडा परवडला, टँकर नको. जुलैतल्या पोलादपूरच्या भातखाचरात टँकर घातला तर तो क्रेन येईपर्यंत तिथेच राहील. रणगाडा बहुधा चिखल उडवत बांध फोडून पलीकडे जाईल.

मग पुलाला रणगाड्याचा धाक का? कारण जमीन दाब बघते, पूल एकूण वजन बघतो. चाळीस-पन्नास टनांचा ट्रेलर आपलं ओझं चौदा-पंधरा मीटरवर पसरतो. रणगाडा सत्तर टन साडेचार मीटरमध्ये आणून ठेवतो. पट्टे रुंद केले तर चिखल सुटतो, पण पुलाचा प्रश्न तसाच राहतो. तो सोडवायचा तर वजनच कमी करायला हवं, आणि वजन म्हणजे मुख्यतः चिलखत.

एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि फक्त एक सेंटिमीटर जाड पोलादी पत्रा ७८ किलोंचा असतो. जाडी दहा सेंटिमीटर केली की पाऊण टनाच्या वर. अशा पत्र्याची खोली बांधून तीत चार माणसं, तोफ, गोळे आणि इंजिन बसवायचं. म्हणून कोणताही रणगाडा सगळीकडून सारखा जाड नसतो. सगळी श्रीमंती पुढच्या तोंडाला. बाजू, पाठ आणि छप्पर त्या मानानं गरीब. आतली जागा जितकी मोठी, तितकं भोवतीचं चिलखत जास्त. सोव्हिएत अभियंत्यांनी टी-७२ मध्ये गोळा भरणारा चौथा माणूसच काढून टाकला आणि त्याचं काम यंत्राला दिलं. रणगाडा बुटका झाला आणि साधारण ४१ टनांत बसला. एका माणसाची जागा वाचवून काही टन पोलाद वाचतं, हे गणित मला तोफेपेक्षा जास्त थक्क करतं.

स्वतःच्या सैन्यासाठी रणगाडा करताना निदान पूल आपलेच असतात. दुसऱ्याला विकायचा असेल तर परक्या देशाचे पूल, तिथला उन्हाळा, तिथल्या रेल्वेचं माप आणि तिथली तिजोरी असं सगळं आराखड्यात येऊन बसतं. संयुक्त अरब अमिरातीनं फ्रान्सचा लक्लेर्क घेतला तेव्हा वाळवंटासाठी त्यात जर्मन इंजिन बसवलं गेलं आणि त्यासाठी मागचा भाग लांबवावा लागला. पण या प्रकारचा सर्वांत चोख नमुना आपल्याच घरात आहे. त्याचं नाव विजयंता.

ब्रिटनच्या विकर्स कंपनीनं हा रणगाडा मुळात बाहेर विकण्यासाठीच आखला. भारताशी करार १९६१ चा. चेन्नईजवळ आवडीला कारखाना उभा राहिला आणि १९६५ च्या अखेरीस तिथून पहिला विजयंता बाहेर पडला. पुढे दोन हजारांहून अधिक झाले. कुवेतनंही हा रणगाडा घेतला. ब्रिटिश सैन्यानं तो स्वतःसाठी कधीच घेतला नाही. याला लबाडी म्हणणं सोपं आहे, पण तसं नव्हतं. ब्रिटिशांना जर्मनीच्या मैदानात सोव्हिएत फौजेची वाट बघत बसायचं होतं, त्यांना जाड चिलखत हवं होतं. विकर्सनं तोफ ब्रिटिशांच्याच सेंच्युरियन रणगाड्याची उत्तम १०५ मिलिमीटरची ठेवली आणि कात्री चिलखताला लावली. पुढची जाडी जेमतेम ८० मिलिमीटर. सेंच्युरियन ५१ टनांचा, विजयंता साधारण ३८ टनांचा.

त्यातली नेम धरण्याची युक्ती तर अफलातून. लेझर अजून आलेलं नव्हतं. म्हणून तोफेला समांतर १२.७ मिलिमीटरची मशीनगन. तिच्या गोळ्या ठरावीक अंतरापर्यंत तोफगोळ्याच्याच वाटेनं जातील अशा बनवलेल्या. तोफची आधी तीन गोळ्या झाडायचा. त्या लक्ष्यावर आदळून चमकल्या की मग तोफ.

त्यानंतर आला अर्जुन. त्याचा प्रकल्प १९७४ मध्ये मंजूर झाला आणि आराखडा आवडीच्या प्रयोगशाळेत तयार झाला, पण त्याची ताकद बरीचशी पुण्याची. १२० मिलिमीटरची तोफ पाषाणच्या एआरडीई या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेनं घडवली. जग गुळगुळीत नळीकडे वळलं असताना आपण आटे पाडलेली नळी ठेवली. ब्रिटिशांनीही चॅलेंजरमध्ये तेच केलं. गोळ्याचं कवचही बघण्यासारखं: बार उडताच ते जळून जातं, मागे उरते फक्त धातूची बुडखी. पितळेची जड, गरम नळकांडी चौघांच्या पायांत लोळत राहत नाहीत.

पण अर्जुन भारी झाला. पहिला ५८.५ टनांचा. इंजिन जर्मन, १४०० अश्वशक्तीचं, म्हणजे टनामागे चोवीसेक. सैन्याच्या मागण्या वाढत गेल्या, चिलखत वाढलं, सुरुंग काढायचा नांगर आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये चेन्नईत सैन्याकडे सुपूर्द केलेला मार्क-१ए अडुसष्ट टनांच्या आसपास आहे. इंजिनाची ताकद तीच, म्हणून टनामागे आता वीसच. रुंदी पावणेचार मीटरच्या पुढे, रेल्वेच्या डब्यापेक्षा अर्ध्या मीटरहून जास्त. वर्षानुवर्षं पुलांच्या कागदांवर फिरणाऱ्या त्या ७० टनी आकृतीला खरा रणगाडा येऊन जवळजवळ टेकला. अर्जुन आजवर कोणत्याही परदेशी सैन्याला विकला गेलेला नाही, आणि माझ्या मते त्यात या वजनाचा वाटा मोठा असावा.

नदीवर पूलच नसेल किंवा कच्चा असेल तर? पुण्याजवळ दिघीच्या संशोधन संस्थेनं त्यासाठी पूलच गाडीवर चढवला. ‘सर्वत्र’ हा घडीचा पूल ट्रकच्या पाठीवरून उलगडून पुढच्या काठावर टेकतो. त्याचाही भारवर्ग ७०.

लडाखच्या उंचीवर मात्र एवढं वजन सोसत नाही. डीआरडीओ आणि लार्सन अँड टुब्रो यांनी जुलै २०२४ मध्ये हजिऱ्याला दाखवलेला झोरावर अवघ्या २५ टनांचा आहे. त्याची तोफ विजयंताइतकीच, १०५ मिलिमीटरची. कात्री पुन्हा चिलखतालाच लागली आहे.