रविवार कोणाचा?

चातुर्मासात पनवेलच्या कापड बाजारात एक दृश्य नेमाने दिसते. सूर्यास्ताला अर्धा-पाऊण तास उरला की दुकानाचे मालक गल्ला मुलाकडे सोपवून चौविहारासाठी घराकडे वळतात. जेवण होते, पच्चक्खाण घेतले जाते आणि दुकानात पुन्हा वर्दळ सुरू होते. खरी गिऱ्हाइकी दिवेलागणीनंतरचीच. त्या वेळी गिऱ्हाइकासमोर कापडाचे ताके उलगडणारा मुलगा सकाळी साडेनऊला आलेला असतो आणि रात्री साडेनऊला जातो. आपण सूर्यास्त पाळतो; त्याचा दिवस कधी मावळतो, हा प्रश्न आमच्या दुकानात बरीच वर्षे कोणी विचारला नव्हता. मीही नाही.

कायद्याने कामाचे तास मोजायला सुरुवात केली त्यापूर्वी ते सूर्यच मोजत असे. मुंबईच्या कापडगिरण्या उजाडताच सुरू होत आणि मावळतीला थांबत. हिवाळ्यात दिवस आखूड, उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांचा. रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली, असे आपण सहज म्हणून जातो. सरकारी कचेऱ्यांपुरते ते खरे आहे; गिरणीतल्या माणसाला मात्र ती मागून घ्यावी लागली. ‘दीनबंधू’चे संपादक आणि महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 च्या सप्टेंबरमध्ये परळला कामगारांच्या सभा भरविल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांनी आपले म्हणणे लेखी मांडले. आठवड्यातून एक दिवस विसावा, दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, या त्यांतील ठळक मागण्या होत्या. रविवार हा खंडोबाचा वार, हे कारणही लोखंडे पुढे करीत असत. 1890 च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहाएक हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. सहा वर्षांची खटपट होती ती. 1897 मध्ये मुंबईच्या प्लेगात रुग्णांची व्यवस्था पाहत असताना लोखंडे स्वतः त्याच रोगाने गेले.

पुढे विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचा अडसर दूर झाला. 1905 च्या सुमारास दिव्यांच्या उजेडात मुंबईतील अनेक गिरण्या पंधरा पंधरा तास चालू लागल्या. कामगार चिडले, दंगे झाले, चौकशी समिती आणि आयोग बसले, तेव्हा कोठे 1911 च्या कायद्याने कापडगिरणीतील प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला. दिव्याने दिवस लांबविला नसता तर हा कायदा इतक्या लवकर आला असता का, याची मला शंकाच वाटते.

1919 मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास, हा तिचा पहिला ठराव. हिंदुस्थानला मात्र त्यातून वगळून 60 तासांची सवलत दिली गेली. सवलत अर्थातच मालकांना. त्या परिषदेत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी होते नारायण मल्हार जोशी, आपल्याच रायगड जिल्ह्यातील, माणगाव तालुक्यातल्या गोरेगावचे. 60 तासांचा आठवडा 1922 मध्ये कायद्यात आला, 1934 मध्ये तो 54 झाला आणि 1946 मध्ये 48. या शेवटच्या दुरुस्तीचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मजूरमंत्री या नात्याने मांडले होते. तेव्हापासून आपण 48 वरच आहोत.

जग मात्र पुढे सरकले. फ्रान्सने 2000 पासून 35 तासांचा आठवडा मानला. चीनने 1995 मध्ये पाच दिवसांचा आठवडा स्वीकारला. आपल्यातील अनेकांची मुले दुबईत आहेत; तेथे 2022 पासून सरकारी कचेऱ्या शुक्रवारी दुपारीच बंद होतात. महाराष्ट्र शासनानेही 29 फेब्रुवारी 2020 पासून आपल्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला. पनवेलहून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्याचे लोकलमधले तास मात्र कोणत्याच कायद्यात धरलेले नाहीत. एका बाजूचे ऐंशी मिनिटे धरले तरी पाच दिवसांत तेरा तासांहून अधिक होतात.

हे सारे मोठ्यांचे झाले. दुकानांचे काय? मुंबई इलाख्याने 1939 मध्ये दुकानांसाठी कायदा केला, देशातला पहिला. 1948 च्या कायद्याने दुकानाला आठवड्यातून एक दिवस टाळे लावणे भाग होते. 2017 च्या नव्या कायद्याने दुकान वर्षाचे 365 दिवस उघडे ठेवता येते. नोकरांना सुट्टी पाळीपाळीने द्यायची. पण दहापेक्षा कमी नोकर असतील तर तासांचे आणि सुट्टीचे हे बंधन लागूच होत नाही. 2025 मध्ये ही मर्यादा वीसवर नेण्याचा आणि दुकानातील दिवस नऊऐवजी दहा तासांचा करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. आपल्या बाजारातल्या बहुतेक पेढ्यांवर चार-पाच माणसे असतात. म्हणजे टाळ्याचा कायदा गेला, पाळीचा कायदा आला, तोही आपल्याला लागू नाही. त्या मुलाचा रविवार आता केवळ मालकाच्या मनावर राहिला.

आमच्या दुकानात चौघे आहेत. एकदा हिशेब मांडला: जेवणाचा तास वगळून रोजचे अकरा, सातही दिवस दुकान उघडे, म्हणजे 77. लोखंड्यांच्या आधीच्या गिरणीत आणि आमच्यात अंतर ते किती? थोरला मुलगा म्हणाला, “बाबा, मॉल रात्री दहापर्यंत उघडा असतो.” खरे होते. शेवटी दुकान रोज उघडे, पण दोघे सकाळी लवकर येऊन सहाला सुटतात, दोघे दुपारी येतात, आणि प्रत्येकाला आठवड्यात एक वार मोकळा, असे ठरले. पाचवा माणूस ठेवावा लागला. त्याचा पगार नफ्यातून जातो, हे लपविण्यात अर्थ नाही.

दिवाळीआधीच्या पंधरवड्यात ही पाळी अजून आम्हांला सांभाळता आलेली नाही. त्या सुट्ट्या भाऊबीजेनंतर देतो. कोणाच्या किती उरल्या, ते सूनबाई गल्ल्यामागच्या कॅलेंडरवर टिपून ठेवते.