परत आलेले ई-पत्र कसे वाचावे?



टपालाने परत आलेल्या पाकिटावर पोस्टमनने शेरा मारलेला असतो, आणि तो आपण वाचतो. ई-मेल परत आली तर मात्र ती इंग्रजीत आणि आकड्यांत असते, म्हणून आपण न वाचताच पुसून टाकतो. वास्तविक नकाराचे कारण त्यातच लिहिलेले असते.

असे समजा की, सभासदांची यादी परक्या कंपनीच्या हाती नको म्हणून एखाद्या लहान युनियनने घरातल्या संगणकावरच टपालाचा सर्व्हर बसविला. येणारी पत्रे येतात, पण सभेच्या नोटिसा परत येतात. असे का व्हावे?

ई-मेलच्या देवघेवीचे नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले. त्यांत पाठविणाऱ्याने सांगितलेल्या नावावर विश्वास ठेवलेला होता. पुढे खोट्या नावाने जाहिराती व फसवणुकीची पत्रे लोटू लागली आणि प्रत्येक दारावर पहारा बसला. त्या पहाऱ्यात घरचा प्रामाणिक सर्व्हरही अडकतो.

पहिला प्रश्न असा विचारावा : पत्र परत कोणी केले? ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असे शब्द असतील, तर बहुधा पत्र समोरच्या दारापर्यंत पोचलेच नाही. सर्व्हर एकमेकांशी पोर्ट २५ वरून बोलतात, आणि इंटरनेट पुरविणाऱ्या अनेक कंपन्या घरगुती जोडणीवर तो मार्ग बंद ठेवतात. अशा वेळी आपलाच सर्व्हर पुनःपुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स हा सर्व्हर, बदल केला नसेल तर, पाच दिवसांनी हात टेकतो. तोवर सभा होऊन गेलेली असते! म्हणून पत्र परत येण्याची वाट न पाहता सर्व्हरची नोंदवही रोज पाहावी.

दुसरा प्रश्न आकड्याचा. ४ ने सुरू होणारा आकडा, उदाहरणार्थ ४५१, म्हणजे ‘आता नाही, मागाहून या’. तेथे घाई करू नये; सर्व्हर आपण होऊन पुन्हा जातो. ५ ने सुरू होणारा, उदाहरणार्थ ५५०, म्हणजे साफ नकार. तेच पत्र तसेच पुन्हा धाडण्यात अर्थ नाही. आकड्यापुढचे वाक्य वाचावे.

त्या वाक्यात बहुधा तीनांपैकी एक कारण सापडते. एक, आपला आयपी पत्ता स्पॅमहाउससारख्या संस्थेच्या यादीत आहे. तिच्या ‘पीबीएल’ यादीत घरगुती पत्ते सरसकट घातलेले असतात. तो गुन्ह्याचा आरोप नव्हे. दोन, आयपी पत्त्यावरून सर्व्हरचे नाव सापडत नाही. ही उलटी नोंद, म्हणजे पीटीआर. तीन, आपल्या नावाने पत्र धाडण्याचा अधिकार कोणाला, हे सांगणारी एसपीएफ नोंद किंवा पत्रावरची डीकेआयएम सही नाही. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून या दोहोंपैकी एक, आणि त्याशिवाय पीटीआर, सर्वच पाठविणाऱ्यांकडे मागितली आहे.

मागणीपत्र लिहिताना कोणती मागणी कोणाकडे करावयाची हे आधी ठरवावे लागते, येथेही तसेच. एसपीएफ व डीकेआयएम आपल्या हाती आहेत. त्या आपल्या नावाच्या डीएनएस नोंदींत लिहाव्या. पीटीआर, स्थिर आयपी आणि पोर्ट २५ हे इंटरनेट पुरविणाऱ्याच्या हाती. त्याच्याकडे लेखी अर्ज करावा. त्याने नकार दिला तर जाणारे टपाल पोर्ट ५८७ वरून, नाव व परवलीचा शब्द देऊन, एखाद्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत धाडावे आणि त्या मध्यस्थाचे नाव एसपीएफमध्ये घालावे. यात एक किंमत मोजावी लागते : यादी घरी राहते, पण प्रत्येक पत्रावरचा पत्ता त्या मध्यस्थाच्या नजरेखालून जातो. हे सभासदांना आधी सांगितले पाहिजे.

सभेच्या आठ दिवस आधी चाचणीचे पत्र धाडावे आणि नोंदवहीत २५० हा आकडा शोधावा. ती समोरच्या सर्व्हरची पोच होय. तरीही पत्र स्पॅमच्या खणात पडलेले असू शकते. म्हणून दोनचार सभासदांना प्रत्यक्ष विचारावे, ‘नोटीस दिसली का?’