शाळा सुटली तरी फोन सायलेंटच? जंगलपट्ट्यात ऑटोमेशन अ‍ॅप का गंडतात, समजून घ्या

समजा, एक शिक्षक आहेत. राहायला आलापल्लीत आणि शाळा भामरागडच्या रस्त्यावर, जंगलात. रोज फोन सायलेंट करायचा आणि परत रिंगवर आणायचा वैताग नको म्हणून त्यांनी एक ऑटोमेशन अ‍ॅप टाकलं. नियम साधा. शाळेत पोचलो की फोन सायलेंट, शाळेतून निघालो की रिंग चालू.

सुट्टीत चंद्रपूरला असताना घराचा पत्ता टाकून करून बघितलं, तर एकदम व्यवस्थित चाललं. शाळा सुरू झाली आणि खेळ बिघडला. कधी भर तासाला फोन वाजतो, कधी वाटेतच सायलेंट होतो आणि कधी संध्याकाळी घरी आले तरी गप्पच.

शहरात असं झालं तर माणूस फार तर वैतागतो. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र चुकलेला कॉल महागात पडू शकतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट बंद होते, तेव्हा "निघू नका" हा निरोप फोनवरच येतो. गावाजवळ वाघ दिसला तरी माणसं आधी एकमेकांना फोनच करतात. म्हणून हे अ‍ॅप नेमकं कुठे चुकतं, ते बघू.

फोनला जागा कळते कशी?

टास्कर असो, मॅक्रोड्रॉइड असो की सॅमसंगचं मोड्स अँड रुटीन्स, "या जागी आल्यावर हे कर" हा नियम फोनने सांगितलेल्या लोकेशनवर चालतो. फोन ते तीन गोष्टींवरून काढतो: जीपीएस, आसपासचे वाय-फाय आणि मोबाईल टॉवर. जीपीएस बॅटरी खातं, त्यामुळे मागे गुपचूप चालणारे नियम शक्यतो वाय-फाय आणि टॉवरवरच भागवतात.

चंद्रपुरात जटपुरा गेटजवळ उभं राहिलं की फोनला आजूबाजूची कितीतरी वाय-फाय दिसतात. त्यावरून जागा २० ते ५० मीटरच्या फरकाने कळते. आलापल्ली सोडून जंगलात शिरलं की वाय-फाय संपतं आणि उरतो तो लांबचा एखादा टॉवर. गुगलनेच अ‍ॅप बनवणाऱ्यांना सांगून ठेवलंय की वाय-फाय नसलेल्या ग्रामीण भागात ही चूक काहीशे मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आता शाळेभोवती १०० मीटरचा घेरा आखला असेल, तर फोन त्यात आहे की बाहेर, हे फोनलाच कळत नाही.

सिरोंच्यासारख्या सीमेवरच्या गावात आणखी एक गंमत होते. नदीपलीकडे तेलंगणा. फोनने पलीकडचा टॉवर पकडला, तर "अमुक टॉवर दिसला की" असा लावलेला नियम फसतो.

मग जीपीएस चालू ठेवलं तर? जीपीएसला नेटवर्क लागत नाही, हे खरं. पण इंटरनेट असलं की उपग्रहांची माहिती फोनला पटकन मिळते. नसलं की ती थेट उपग्रहाकडून सावकाश उतरवावी लागते, आणि दाट झाडीखाली सिग्नल आधीच कमजोर असतो.

दुसरं कारण बॅटरीत लपलंय

२०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोन नुसता पडून असला की मागच्या अ‍ॅपना झोपवतो. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून मागे चालणाऱ्या अ‍ॅपना लोकेशन तासातून मोजक्याच वेळा मिळतं. घेरा ओळखायलाही सरासरी दोन-तीन मिनिटं लागतात. ताशी ४० किलोमीटरने गाडी चालवत असाल, तर तीन मिनिटांत तुम्ही २ किलोमीटर पुढे गेलेले असता.

त्यात रेंज नसली की फोन सतत टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. मग बॅटरी सेव्हर लागतो. तो लागला की अनेक फोनमध्ये स्क्रीन बंद असताना लोकेशनही बंद होतं. म्हणजे शाळेतून निघताना रिंग चालू करायची वेळ येते, नेमका तेव्हाच नियम झोपलेला असतो.

दोष शोधायचा कसा?

आधी नियमातलं काम हाताने चालवून बघा. फोन सायलेंट झाला, तर काम ठीक आहे आणि चूक लोकेशनच्या अटीत आहे. झाला नाही, तर चूक परवानगीत आहे. काही कामं तर अँड्रॉइड साध्या अ‍ॅपला करूच देत नाही. उदाहरणार्थ, एअरप्लेन मोड लावणं.

मग अ‍ॅपमधला लॉग उघडा. नियम कधी चालला, कधी नाही, ते तिथे वेळेसकट दिसतं.

त्यानंतर तीन सेटिंग तपासा. लोकेशनची परवानगी "अ‍ॅप वापरताना" नव्हे, "नेहमी" अशी हवी. "अचूक लोकेशन" चालू हवं. आणि बॅटरीच्या सेटिंगमध्ये अ‍ॅपवर कुठलंही बंधन नको. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ऑटोस्टार्टची वेगळी परवानगीही द्यावी लागते.

जंगलपट्ट्यात कोणता नियम टिकतो?

ज्याला लोकेशन लागतच नाही, तो. शाळेत वाय-फाय असेल, तर "हे वाय-फाय जोडलं की सायलेंट". गाडीत ब्लूटूथ असेल, तर "ब्लूटूथ जोडलं की रिंग चालू". शाळेची वेळ ठरलेली असेल, तर सरळ घड्याळावर नियम लावा. यातल्या कशालाच टॉवर लागत नाही.

लोकेशनच वापरायचं असेल, तर घेरा १०० मीटरचा न ठेवता १ ते २ किलोमीटरचा ठेवा. घर त्या घेऱ्यात येत नाही ना, एवढं बघा.

आणि नियम चुकलाच तर?

तो कधीतरी चुकणार, हे धरूनच दोन गोष्टी करा.

पहिली, सायलेंटऐवजी डू नॉट डिस्टर्ब वापरा. त्यात निवडक नंबरना सूट देता येते. घरचे, मुख्याध्यापक, गावातला एखादा माणूस त्यात टाका. एकाच नंबरवरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा कॉल आला तर वाजू द्यायचा, अशीही सोय असते. रिंगचा आवाज मात्र शून्यावर नेऊ नका. तो शून्यावर असेल, तर सूट दिलेला कॉलही ऐकू येणार नाही.

दुसरी, एक राखीव नियम लावा. रोज संध्याकाळी साडेपाचला, फोन कुठेही असो, डू नॉट डिस्टर्ब बंद. लोकेशन चुकलं, टॉवर गेला, तरी घड्याळ चालूच असतं. पुराचा निरोप सांगणारा फोन रात्री आला, तर तो वाजेल.