कडगंचीची पोथी आणि बालाघाटातली देवी

कलबुर्गीहून आळंदकडे जाताना कडगंची लागते. आता इथे कर्नाटकाचं केंद्रीय विद्यापीठ आहे, पण मराठी घरांत हे गाव पोचलं ते ‘गुरुचरित्रा’मुळे. नृसिंहसरस्वतींचे शिष्य सायंदेव इथले. त्यांच्याच वंशातल्या सरस्वती गंगाधरांनी ही पोथी रचली. घरची भाषा कानडी, पोथी मराठी. मध्येच कानडी पदंही येतात.

पोथी दत्तसंप्रदायाची, तरी तिच्यात तुळजापूरची भवानी भेटते. नंदी नावाच्या ब्राह्मणाला कोड फुटतं. तो तुळजापुरी तीन वर्षं उपवास करत बसतो. देवी त्याला चंदलापरमेश्वरीकडे, म्हणजे भीमाकाठच्या सन्नतीच्या चंद्रलांबेकडे धाडते. चंद्रलांबा सांगते, गाणगापूरला गुरूकडे, नृसिंहसरस्वतींकडे जा. ब्राह्मण चिडतो: तू देवी असून मला माणसाकडे पाठवतेस? अखेर गाणगापुरातच त्याचं कोड जातं. पोथी गुरूची, तेव्हा शेवटचा शब्दही गुरूचाच.

या मुलखातल्या बायाबापड्यांनी मात्र तो निकाल कधी मनावर घेतला नाही. पौर्णिमेला गाणगापूर आणि आश्विनात तुळजापूर, दोन्ही चालतं. माझ्या मते पोथीपेक्षा त्यांचंच खरं.

तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरात आहे, पण देवीकडे जाताना पायऱ्या चढायच्या नाहीत, उतरायच्या. वाटेत कल्लोळ आणि गोमुख ही तीर्थं. गाभाऱ्यात काळ्या पाषाणाची अष्टभुजा महिषासुरमर्दिनी. ही मूर्ती चल आहे, आणि इथली सगळी रीत त्यावरच उभी आहे. वर्षातून तीनदा देवी सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते: भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी. युद्धाआधीची झोप, युद्धानंतरची झोप. महिषासुराशी नऊ दिवस लढलेल्या बाईला विश्रांती हवी, इतका साधा हिशेब. दसऱ्याच्या पहाटे तिचं सीमोल्लंघन होतं. त्यासाठी पालखी आणि पलंग नगरकडून येतात. तो मान तेली समाजाच्या घराण्यांचा. पूजा भोपे पुजाऱ्यांकडे, अंगणात गोंधळी आणि कवड्यांच्या माळा घातलेले आराधी.

1956 पर्यंत तुळजापूर आणि कडगंची दोन्ही हैदराबाद राज्यात होती. मग राज्यांची रेघ ओढली गेली. कडगंची तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेली. कोजागरीला कलबुर्गी, बिदर, विजापूरकडून पायी निघणाऱ्यांना त्या रेघेचं काही नाही. सोलापूर-तुळजापूर रस्ता तेव्हा त्यांच्याच ताब्यात असतो, कानडी गाणी आणि आई राजाचा उदो उदो एकाच तालात.

जायचं असेल तर तिथी पाहून निघा. दसरा झाल्यावर पौर्णिमेपर्यंत देवी पलंगावर निजलेली असते. सिंहासनावर उभी पाहायची तर कोजागरीला किंवा नंतर जा.